मीठ जमिनीखाली स्वस्थ पडून नसतं

दक्षिण इराणमध्ये, झाग्रोस पर्वतरांगेत, कूह-ए-नमक नावाचा डोंगर आहे. तो मिठाचा आहे. भोवतालच्या मैदानापासून हजार मीटरहून अधिक उंच उठलेल्या या डोंगराच्या माथ्यावरून मिठाचे ओघ दोन्ही अंगांनी खाली उतरले आहेत. क्रिस्टोफर टॅल्बट या भूवैज्ञानिकाने तिथे खुणा रोवून मोजमापं घेतली आणि सहकाऱ्यासह १९८० मध्ये ती प्रसिद्ध केली. कोरड्या दिवसांत मीठ उन्हाने किंचित फुगतं आणि गारव्याने आकसतं, एवढंच. चांगला पाऊस झाला की मात्र ते दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत सरकतं. ‘मीठ म्हणजे खडक, आणि खडक काही वाहत नाही’ हा समज या एका मोजणीपुढे टिकत नाही.

असे डोंगर पाहून ज्वालामुखी आठवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही अभ्यासकांनीही मिठाच्या घुमटांचा, म्हणजे जमिनीखाली वर फुगत गेलेल्या मिठाच्या ढिगांचा, संबंध ज्वालामुखीशी जोडला होता. पण मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं, आणि गाळाच्या थरांत तेवढी उष्णता नसते. मीठ घन राहूनच वाहतं. त्याच्या कणांच्या सांध्यांत पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा अडकलेला असतो. कणाच्या ज्या बाजूवर दाब जास्त, तिथलं मीठ त्या पाण्यात विरघळतं आणि कमी दाबाच्या बाजूला पुन्हा स्फटिक होऊन बसतं. कण असे आकार बदलत राहतात आणि सबंध थर न फुटता पुढे जातो. पाऊस पडल्यावर कूह-ए-नमकचा वेग का वाढतो, तेही यावरून कळतं. जमिनीखाली खोलवर हाच प्रवास फार संथ, लाखो वर्षं चालणारा असतो.

सर्वांत चिवट गैरसमज पाठ्यपुस्तकांनी पसरवला आहे: मीठ हलकं असतं, म्हणून वरचे थर भेदून ते वर येतं. वरवर पाहता हिशेब पटतो. मिठाची घनता पाण्याच्या सुमारे २.१६ पट असते. कितीही खोल पुरलं तरी ती फारशी वाढत नाही, कारण त्यात दाबून काढण्यासारखी पोकळीच उरलेली नसते. चिखल आणि वाळू मात्र दबत जातात, घट्ट आणि जड होतात. पण वरचा सगळा गाळ सरासरीने मिठापेक्षा जड व्हायला त्याची जाडी दीड-दोन किलोमीटर तरी व्हावी लागते. त्याआधी तो मिठाहून हलकाच असतो. आणि तेवढी जाडी होईपर्यंत त्याचा मजबूत खडक झालेला असतो, नुसत्या हलकेपणाच्या जोरावर तो फोडणं मिठाला जमत नाही. तरीही अनेक घुमट वरचं आवरण पातळ असतानाच वाढू लागलेले दिसतात.

मग मिठाला हलवतं कोण? मुख्यतः वरचं असमान ओझं. नदी आपल्या मुखाशी गाळ टाकते, तिथे दाब वाढतो, आणि खालचं मीठ कमी दाबाकडे निघतं. पुरणपोळी लाटताना लाटणं जिथे जोरात फिरतं तिथलं पुरण बाजूला सरकतं आणि पारी विरळ झाली असेल तिथून बाहेर येतं, तसंच हे. पारी विरळ होण्याचा भाग इथेही निर्णायक आहे. ब्रुनो वँदव्हिल आणि मार्टिन जॅक्सन यांनी मिठाच्या जागी चिकट सिलिकॉन आणि गाळाच्या जागी कोरडी वाळू घेऊन प्रयोग केले. १९९२ मध्ये त्यांनी मांडलं की भूभाग ताणला गेला की वरचे थर भ्रंशांनी तुटून पातळ होतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत मीठ चढतं. ताण चालूच राहिला आणि खालून मीठ पुरेनासं झालं, तर चढलेला घुमट परत खाली बसतो. हलकेपणा हेच खरं कारण असतं, तर असं घडलं नसतं.

त्याहून आश्चर्याची गोष्ट डोनाल्ड बार्टन यांनी १९३३ मध्येच लिहून ठेवली होती. कित्येक घुमट भोवतीच्या थरांना भोसकून वर गेलेलेच नाहीत. त्यांचा माथा पृष्ठभागाजवळच राहिला, आणि भोवती गाळ साचत जमीन खचत गेली. गाळाचं खोरं म्हणजे आधी खड्डा तयार होतो आणि मग तो भरतो, ही कल्पनाही त्यामुळे अपुरी ठरते. मेक्सिकोच्या आखातात गाळाने मीठ ढकललं, मीठ गेलेल्या जागी तळ खचला, तिथे आणखी गाळ आला आणि त्याने आणखी मीठ ढकललं. गाळ स्वतःची जागा स्वतःच करत गेला.

‘एखादा समुद्र आटला की मिठाचा जाड थर तयार’ हेही खरं नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हजार मीटर खोल पाणी पूर्ण आटलं तरी तळाशी १५-१७ मीटर क्षार उरतात. भूमध्य समुद्राच्या तळाखाली मात्र एक किलोमीटरहून जाड थर आहेत. ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने १९७० मध्ये तिथे छिद्रं पाडली तेव्हा या क्षारांचे नमुने हाती आले. हे थर सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वीचे. अटलांटिकचं पाणी आत येत राहिलं, बाष्पीभवन होत राहिलं, तेव्हाच एवढं मीठ साठलं. समुद्र पूर्ण कोरडा पडला होता का, यावर अजून वाद आहे.

तेलाबद्दल थोडक्यात. १० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला मिठाच्या घुमटावर तेलाचं कारंजं उडालं. तेव्हापासून मिठाचं आणि तेलाचं नातं लोकांच्या मनात पक्कं झालं. पण मीठ तेल तयार करत नाही. तेल होतं ते सेंद्रिय अवशेषांनी भरलेल्या गाळापासून. मीठ फक्त त्याची वाट अडवतं. ब्राझीलच्या किनाऱ्यापलीकडे २००६ मध्ये सापडलेलं तुपी क्षेत्र सुमारे दोन किलोमीटर जाड मिठाच्या खाली आहे. आणि तेलाला मीठ लागतंच असंही नाही. आपल्या मुंबई हायचं तेल चुनखडकात आहे, त्यावर झाकण आहे ते शेलचं.

उरलं आपल्या उपवासाचं सैंधव. ‘हिमालयातलं मीठ’ म्हणून विकलं जाणारं गुलाबी मीठ बर्फाच्या शिखरांवरून येत नाही. ते येतं पाकिस्तानच्या पंजाबातल्या मिठाच्या डोंगररांगेतून, मुख्यतः खेवड्याच्या खाणीतून. ते समुद्राचंच मीठ आहे, पन्नास कोटींहून अधिक वर्षं जुनं. गुलाबी छटा लोहाच्या ऑक्साइडची. भारतीय भूखंड आशियाला भिडला आणि त्या रेट्यात पोटवारच्या पठाराचे थर या मिठावरून घसरत दक्षिणेला सरकले, मैदानावर चढले. त्यामुळे जुने थर नव्या थरांवर आले. या थरांचं वय इतकं गोंधळात टाकणारं होतं की बिरबल साहनी यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात, मिठात सापडलेल्या सूक्ष्म वनस्पती-अवशेषांवरून, हे मीठ बरंच अलीकडचं असल्याचं मत मांडलं. पुढच्या अभ्यासाने ते जुनंच ठरवलं. म्हणजे हिमालय उभा राहिला त्याच्या कितीतरी कोटी वर्षं आधीचं हे मीठ. त्यात आयोडीन मात्र जवळजवळ नसतं, तेव्हा उपवासाला सैंधव जरूर वापरा, रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच ठेवा.