समाजकार्याचे मनुष्यबळ आणि शासनाचे धोरण

दुःखिताला साहाय्य करावे, ही भावना भारतीय समाजाला नवी नाही. अन्नछत्रे, धर्मशाळा आणि अनाथाश्रम यांची परंपरा जुनी आहे. तथापि असे साहाय्य करण्यासाठी पद्धतशीर शिक्षण घ्यावे लागते आणि ते घेतलेल्या व्यक्तीची वेतन देऊन नेमणूक करावी लागते, हा विचार विसाव्या शतकातला होय. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था स्थापन झाली. क्लिफर्ड मॅनशर्ट हे तिचे पहिले संचालक होते. १९४४ साली तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले. पुढे दिल्ली, बडोदा, मद्रास इत्यादी ठिकाणीही समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले.

परंतु माणसे शिकून तयार होणे ही एक गोष्ट आणि त्यांच्यासाठी कामाची जागा निर्माण होणे ही अगदी दुसरी गोष्ट आहे. डॉक्टरला रोगी शोधत येतो. समाजकार्यकर्त्याची ज्यांना सर्वाधिक गरज असते, त्यांच्याजवळ मात्र त्याला देण्यासाठी पैसा नसतो. म्हणून त्याचे पद एक तर कायद्याने निर्माण करावे लागते, नाही तर संस्थेच्या अनुदानावर टिकवावे लागते. अनुदान संपले की पद जाते आणि पदाबरोबर अनुभवही जातो.

कायद्यामुळे काय साधते, याचे उदाहरण कारखान्यांत सापडते. गिरण्यांतील कामगारभरती जॉबरांच्या हाती होती आणि तिच्यातील लाचलुचपत सर्वज्ञात होती. १९३१ साली शाही मजूर आयोगाने कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४९ ने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही मर्यादा अडीचशेवर आणली. अशा तरतुदींमुळे प्रशिक्षित तरुणांना निश्चित पदे मिळाली. त्याचबरोबर एक पेचही उभा राहिला. या अधिकाऱ्याचे वेतन मालक देतो आणि गाऱ्हाणे मात्र कामगाराचे ऐकायचे असते. पद निर्माण करताना त्याच्या स्वातंत्र्याची व्यवस्था केली नाही, तर ते पद केवळ नावापुरते उरते.

सहकार्यातून नवी वाट कशी निघते, हे १९८४ साली मुंबईत दिसून आले. टाटा इन्स्टिट्यूट आणि मुंबई पोलीस यांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. घरात मारहाण सोसणारी स्त्री धीर करून पोलिसांकडे येते, पण तक्रार नोंदवली तर रात्री राहायचे कोठे, हा प्रश्न तिच्यापुढे असतो. पोलीस गुन्हा नोंदवू शकतात, परंतु निवारा, कायद्याचा सल्ला आणि मानसिक आधार यांची सांगड घालण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नसते. प्रशिक्षित कार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसू लागल्या, तेव्हा ही उणीव भरून निघू लागली. या कामाची उपयुक्तता अनुभवाने सिद्ध झाल्यावर महाराष्ट्र शासनाने त्याचा स्वीकार केला आणि अन्य राज्यांतही असे कक्ष निघाले. येथे प्रत्यक्ष काम आधी झाले आणि धोरण त्याच्या मागून आले.

याउलट, कायदा होऊनही माणसे न नेमल्यास काय घडते? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकाऱ्याचे पद निर्माण केले. अनेक राज्यांत मात्र हे काम आधीच्या अधिकाऱ्यांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविण्यात आले. ज्या अधिकाऱ्यावर आधीच दुसऱ्या योजनांचा भार आहे, त्याला पीडित स्त्रीसाठी वेळ मिळणे कठीण असते.

कायद्यातील शब्दांनाही मोल असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या शैक्षणिक अर्हतेसह दिलेली आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्यांपैकी किमान एक स्त्री असावी लागते. मुलांच्या क्षेत्रातील सात वर्षांचे प्रत्यक्ष कार्य किंवा विशिष्ट विषयांतील पदवी व व्यवसाय, ही त्यांची अर्हता होय. त्या विषयांत बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र आणि विधी यांचा उल्लेख आहे, समाजकार्याचा नाही.

अशी उणीव एकट्या कार्यकर्त्याला दूर करता येत नाही. हा व्यवसाय कामगार, आरोग्य, गृह, महिला व बालविकास अशा अनेक खात्यांत विखुरलेला असल्यामुळे कोणतेही एक खाते त्याला आपला मानत नाही. राष्ट्रीय परिषद स्थापण्यासाठी १९९३ साली विधेयकाचा मसुदा तयार झाला होता, परंतु त्याचा कायदा झाला नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याने वैद्यकीय व मनोविकार समाजकार्यकर्त्यांना स्थान दिले, तरी तो आरोग्यक्षेत्रापुरताच आहे. नोंदणी सक्तीची झाल्यास पदवी नसलेले अनुभवी ग्रामीण कार्यकर्ते बाहेर फेकले जातील, ही शंकाही दुर्लक्षिण्याजोगी नाही. त्यांच्या अनुभवाला मान्यता देणारी तरतूद मसुद्यातच असावी लागेल.

शिक्षणसंस्था, कार्यकर्त्यांच्या संघटना आणि शासकीय खाती यांनी एकत्र येऊन पदे, वेतन, अर्हता आणि स्वातंत्र्य या चार गोष्टींची निश्चिती केली, तरच हे मनुष्यबळ टिकेल. त्याचा लाभ केवळ कार्यकर्त्यांना होणार नाही. मदतीसाठी दार ठोठावणाऱ्या माणसाला ते उघडणारे कोणी आत आहे की नाही, हे त्यावरच अवलंबून आहे.