सुगरण पक्ष्याचा ऋतुवेष

विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारीं सुगरणीचीं घरटीं आपणां सर्वांस परिचित आहेत. परंतु पावसाळा सरल्यावर हा पक्षी कोठें असतो, असें विचारल्यास पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. बहुधा तो आसपासच असतो. वेष पालटल्यामुळें आपण त्यास ओळखीत नाहीं, इतकेंच.

हिवाळ्यांत सुगरणीचे नर व मादी सारखेच दिसतात. अंग पिंगट, पाठीवर गडद रेघा, चोंच जाड व फिकट; दुरून पाहणारास चिमणीच वाटावी. उन्हाळा संपत आला म्हणजे नरास नवीं पिसें येतात. माथा व छाती हळदीप्रमाणें पिवळी होते, गाल व गळा काळपट होतात आणि चोंचहि काळवंडते. मादी मात्र जवळजवळ पूर्वीसारखीच राहते. विणीचा हंगाम आटोपला कीं नर हीं पिसें टाकून पुन्हां साध्या वेषांत शिरतो.

वेषाप्रमाणें आहारहि पालटतो. पिकें तयार झालीं म्हणजे भात, ज्वारी, बाजरी व गवताचें बीं यांवर सुगरणींचे थवे उतरतात, म्हणून शेतकरी गोफण उचलतो. परंतु पावसाळ्यांत हेच पक्षी नाकतोडे, अळ्या इत्यादि कीटक टिपून पिलांस भरवितात. कारण पिलांच्या जलद वाढीस लागणारीं पौष्टिक द्रव्यें किड्यांत विपुल असतात. विणण्यास लांब हिरवीं पातीं व भरविण्यास कीटक हीं दोन्हीं एकाच ऋतूंत मिळतात, म्हणूनच या पक्ष्याचा संसार पावसाबरोबर सुरू होतो.

‘सुगरण’ हें नांव स्त्रीलिंगी असलें, तरी विणकर नरच होय. पक्षिशास्त्रज्ञ सालीम अली यांनीं अलिबागजवळील किहीम येथें या पक्ष्यांचें निरीक्षण करून १९३१ सालीं निबंध प्रसिद्ध केला. नर घरटें अर्धें विणतो, मादी तें पाहून पसंत करते आणि मगच तो पुढील नळी पूर्ण करतो. एका हंगामांत तो एकाहून अधिक माद्यांशीं संसार मांडतो, असें त्यांत दाखविलें आहे.

तेव्हां विद्यार्थिमित्रांनो, कार्तिकांत दाणा खाणारा पक्षी श्रावणांत कीड वेंचीत होता, हें दगड उचलण्यापूर्वीं स्मरावें. घरट्याची हौस असल्यास दिवाळी होऊं द्यावी आणि रिकामें होऊन खालीं पडलेलें घरटें तेवढें उचलावें. पावसाळ्यांत ओढून काढलेल्या घरट्यांत अंडीं किंवा पिलें असण्याचा संभव असतो.