टिळकांनी पगार सोडला तेव्हा
लेखांक ९

भिलाईहून नागपूरकडे जाताना दुर्ग मागे पडलं की थोड्याच वेळात राजनांदगाव येतं. मराठी ख्रिस्ती माणसाचं या गावाशी जुनं नातं आहे. १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी याच मार्गाने आले. नागपूरहून येताना डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचं बोलणं झालं. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगून टाकलं. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आपल्याकडे ही हकिगत सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. मला मात्र पुढची बावीस वर्षं अधिक मोलाची वाटतात. या काळात टिळक अहमदनगरला राहिले, शिकवत राहिले, भजनं आणि अभंग लिहीत राहिले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाचं मराठी अंग सांभाळत राहिले, आणि मिशनचा पगार घेत राहिले. १९१७ मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी तो पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ला मुंबईत ते वारले.

म्हणजे देवावर विसंबून राहणं एका दिवसात पुरं झालं नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी घराणं, जात, मानमरातब सगळं सुटलं होतं, तरीही महिन्याच्या महिन्याला हाती येणारी रक्कम सोडायला त्यांना बावीस वर्षं लागली. हे वाचून मला फार धीर येतो.

मग आपणही पगार सोडायचा का? भिलाईत हा प्रश्न टाळता येत नाही. इथे पोलाद कारखान्याने क्वार्टर दिलं, शाळा दिली, सेक्टर नऊचं हॉस्पिटल दिलं. चांगलंच केलं. पण मागण्याआधीच सगळं मिळतं तेव्हा मागायची सवय मोडते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना आजच्या भाकरीपुरतं मागते, आणि रानात इस्राएल लोकांनी उद्यासाठी साठवलेला मान्ना सकाळपर्यंत नासला होता. पगार घेणाऱ्या माणसाने हे दोन्ही उतारे पहिल्या तारखेलाच वाचावेत, म्हणजे पैसा कोणाच्या हातून आला आणि मुळात कोणाकडून आला, यांतला फरक ध्यानात राहतो.

रोज मागत राहणं का लागतं, हे आपल्या कारखान्यातच दिसतं. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ला इथल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं चालू ठेवतात. वरून कोक, लोहखनिज आणि चुनखडी पडत राहते, खालून तापलेली हवा घुसत राहते, आणि ए, बी, सी तिन्ही शिफ्टमध्ये कोणी ना कोणी तिच्यापाशी असतं. हे खाद्य थांबलं आणि भट्टी थंडावली, तर आतला रस थिजतो आणि पुन्हा वाहता करताना सगळे जेरीस येतात. रविवारच्या रविवारी केलेल्या प्रार्थनेवर आठवडाभर निभावून नेऊ पाहणाऱ्याचं असंच होतं.

विसंबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणंही नव्हे. पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात त्या आपल्याच मध्य प्रांतात आल्या आणि सुमारे तीनशे मुली-बाया घेऊन गेल्या. अमेरिकेतल्या मंडळींनी त्यांच्या कामाला कबूल केलेली मदत दहा वर्षांची होती आणि ती मुदत संपत आली होती. रमाबाई प्रार्थना करत होत्या, आणि त्याच वेळी केडगावला जमीन कसली जात होती. पुढे माग चालले, तेल गाळलं गेलं, छापखाना उभा राहिला. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातांनी छापलं गेलं. काम त्यांनी जराही कमी केलं नाही, फक्त ते तडीला जाण्याची काळजी देवावर सोपवली.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. टिळकांचा हात फार सढळ होता. घरात काय उरलं आहे, हे न बघता ते देऊन टाकत, आणि चूल पेटती ठेवायची त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हे जागोजागी टोचतं. कुटुंबाला न विचारता घेतलेल्या त्यागाचा अर्धा भार दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, आणि त्याला श्रद्धेचं नाव द्यायला माझं मन धजत नाही. म्हणून आपल्यापैकी कोणाला मोठी देणगी द्यायची असेल किंवा लवकर निवृत्त होऊन सेवेत उतरायचं असेल, त्याने आधी घरी बसून, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी. बायकोचा होकार येईपर्यंत थांबणं हाही विश्वासच आहे.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे पुढचे ६४ अध्याय लिहिले. हे बळ त्यांना कुठून आलं, ते पुढच्या लेखांकात पाहू.