आंबेनळी घाटात गाडीचा दम जातो, मग महागडी प्लग वायर विकायची का?

गॅरेज टाकायचं किंवा स्पेअर पार्टचं दुकान काढायचं ठरवलं की पहिल्या महिन्यातच एखादा विक्रेता कॅटलॉग घेऊन दारात उभा राहतो. लाल, निळ्या, जाडजूड प्लग वायर दाखवतो. "शेठ, हा सेट बसवा, पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं. मार्जिन पण बघा ना!" मार्जिन खरंच चांगलं असतं. आज बोलायचं आहे ते पिकअपबद्दल, कारण तुमचं नाव त्या वाक्याला चिकटणार आहे.

जागा धरूया पोलादपूर. मुंबई-गोवा महामार्गावरून वळायचं आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं. अंतर साधारण ४० किलोमीटर, आणि वरचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच. माणसं आणि सामान धरून एक टन वजनाची पेट्रोल गाडी घ्या. नुसती ही उंची चढायला तिला साधारण दीड लिटर पेट्रोल लागतं, रस्त्यावर धावायचं वेगळं. त्यामुळे सपाटीवर झाकून राहिलेला इंजिनाचा प्रत्येक आजार घाटात बाहेर पडतो. पायथ्याशी गॅरेज टाकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही, घाटच पाठवतो. प्रश्न एवढाच की आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय विकता.

आता वायरचं काम समजून घ्या. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून हजारो व्होल्ट होतात आणि ते प्लगपर्यंत नेते ती ही वायर, म्हणजे एचटी लीड. प्लगच्या फटीत ठिणगी पडते, पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. ताकद येते ती त्या पेटलेल्या पेट्रोलमधून, ठिणगीतून नाही. पाण्याचा बंब आठवा. काडीपेटी महागाची आणली म्हणून पाणी लवकर तापत नाही. पण काडी ओली असेल तर बंब पेटतच नाही. प्लग वायरचा सगळा हिशोब या दोन वाक्यांत आहे. चांगल्या वायरच्या जागी भारी वायर घातली तर हाताला लागेल इतका फरक पडत नाही. खराब वायरच्या जागी चांगली वायर घातली तर गाडी बदलल्यासारखी वाटते.

आणि इथेच धंद्यातली सगळ्यात मोठी गफलत होते. गिऱ्हाइकाची वायर आठ-दहा वर्षांची, रबर तडकलेलं. त्याने रंगीत सेट घातला, सोबत प्लगही नवे टाकले, आणि घाट चढून आल्यावर सांगितलं, "दादा, काय पिकअप आला!" तो खोटं बोलत नाहीय. फक्त त्याने नव्या भारी वायरची तुलना जुन्या मेलेल्या वायरशी केली. कंपनीच्या मापाचा साधा नवा सेट घातला असता तरी त्याने हेच वाक्य म्हटलं असतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. त्यातल्या फार थोड्यांचा काही फायदा दिसला. तिकडेही "लावल्यावर फरक पडला" म्हणणारी माणसं होतीच.

मग खराब वायर घाटातच का उघडी पडते? चढावर तुम्ही ॲक्सिलरेटर दाबून धरता. सिलिंडरमध्ये हवा भरपूर जाते, दाब वाढतो, आणि दाब वाढला की फट ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. वीज सोपी वाट शोधते. रबर तडकलेलं असेल, वर पावसाची ओल असेल, तर ती प्लगकडे जायच्या ऐवजी बाजूच्या लोखंडावर उडी मारते. गाडी मिसिंग करते, झटके देते. मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीचा एक सिलिंडर बसला की तिसरा हिस्सा ताकद गेलीच, वर उरलेल्या दोघांना त्याचं ओझं. सीएनजी गाडीत हे आणखी लवकर दिसतं, कारण गॅसच्या मिश्रणाला पेटायला जास्त व्होल्ट लागतात. पेट्रोलवर नीट आणि गॅसवर झटके, अशी तक्रार आली की कॉइल, प्लग आणि वायर आधी बघा.

पण प्रत्येक दम गेलेली गाडी वायरचं गिऱ्हाईक नसते. महाबळेश्वरला हवा विरळ असते, दाब समुद्रकाठापेक्षा साधारण पंधरा टक्के कमी. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद तिथे जवळपास तेवढीच उतरते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी असं होऊन ती आणखी जड वाटते. जगातली कुठलीही वायर हवा आणून देत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारायची सवय लावा: "त्रास कुठे सुरू झाला?" पायथ्याच्या पहिल्याच चढावर, पावसात, झटक्यांसकट सुरू झाला तर संशय वायर-प्लग-कॉइलवर. प्रतापगडाचा फाटा मागे टाकून वर जाताना, झटके न देता, हळूहळू ताकद कमी वाटली तर ती बरीचशी उंची आहे. इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच बघा. या प्रश्नाला पैसा लागत नाही, आणि समोरच्याला कळतं की याला काम येतं.

नंतर मोजा. काही शे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, एकेक वायर काढून रेझिस्टन्स बघा. कार्बनच्या वायरला काही हजार ओहम असणारच, तो दोष नाही. रेडिओची खरखर आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला होणारा त्रास टाळायला तो मुद्दाम ठेवलेला असतो. कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आला, किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर वायर गेली. मीटरवर पास झालेली वायरही वरून गळू शकते. त्यासाठी संध्याकाळी अंधारात इंजिन चालू करून लांबून, हात न लावता बघा, वायरवर निळे किरण नाचताना दिसतात. उंदराने कुरतडलेलं असेल तर ते दिवसाही दिसतं. पावसाळ्यात आपल्याकडे हे काही कमी होत नाही.

एक गोष्ट मात्र गॅरेजमध्ये पोरांना ठणकावून सांगा: चालू इंजिनाची वायर उपटून बघायची नाही. झटका जोरात बसतो आणि कॉइलवर ताण येतो. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो. त्याचं बिल वायरच्या कितीतरी पट येतं. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटत घाट चढवू नका, हे गिऱ्हाइकालाही याच कारणासाठी सांगायचं.

आता मालाबद्दल. दुकान उघडायच्या उत्साहात भिंतभर वायरचे सेट टांगू नका. डिझेल गाडीला स्पार्क प्लगच नसतो, म्हणजे घाटातल्या डिझेल जीप आणि टेम्पो तुमच्या या गिऱ्हाइकीतून आधीच बाद. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत कॉइल थेट प्लगवर बसते, मधली लांब वायर नाहीच. उरल्या जुन्या गाड्या आणि काही ठराविक मॉडेलं. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. रस्त्यावर त्या अजून आहेत, पण संख्या वाढणार नाही. महिनाभर वहीत लिहा, कुठल्या गाड्या आल्या, आणि त्यांचेच दोन-दोन साधे सेट ठेवा. महाडच्या बाजारात दुकान असेल तर माल वरच्या फळीवर. जुलै २०२१ चा पूर तिथल्या व्यापाऱ्यांना वेगळा सांगायला नको. त्याच पावसात घाटात दरडी पडून रस्ताही बंद झाला होता, तेव्हा घाटाच्या गिऱ्हाइकीवर भर देणाऱ्याने बंद रस्त्याचे दिवसही खर्चात धरायचे.

कमाईचं गणित कसं? समजा रंगीत सेटवर तुम्हाला हजार रुपये सुटतात आणि साध्यावर दोनशे. हजाराचा मोह होणारच. पण गाडीचा रोग क्लचमध्ये असेल तर तो माणूस परत येताना भांडायला येतो, किंवा येतच नाही आणि स्टँडवर दहा जणांना सांगतो. त्यापेक्षा तपासणीचे वेगळे पैसे लावा, आधी सांगून. वायर ठीक निघाली तरी तपासणीचे घ्या. डॉक्टर गोळी दिली नाही म्हणून फी सोडतो का?

कायद्याचंही ऐका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे, पुरेशी चाचणी न करता वस्तूच्या कामगिरीची हमी देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि चाचणी केली होती हे सिद्ध करायची जबाबदारी हमी देणाऱ्यावर येते. "पिकअप वीस टक्के वाढेल" हे वाक्य पाटीवर किंवा बिलावर लिहिण्याआधी स्वतःला विचारा, माझ्याकडे कागद काय आहे? बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीत बसणारी गोष्ट.

हौसेने रंगीत सेट मागणारा येईल, त्याला जरूर विका. फक्त तोंडाने सांगा, "दिसायला भारी आहे, टिकेल, पण साध्या नव्या सेटपेक्षा ताकद जास्त देणार नाही." आणि बिलावर लिहा: तीन वायर तपासल्या, दुसरी गेलेली, सेट बदलला. काढलेला सेट पिशवीत घालून त्याच्या हातात द्या. त्यातल्या दोन वायर चांगल्या मोजल्या असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावून तसं लिहा. घाटात रात्री अडकला तर डिकीतल्या त्या वायरवर तो पोलादपूरपर्यंत उतरून येईल.