विद्युतप्रवाहाची रस्सीखेच

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमच्या प्रकल्पाने तीन फ्यूज खाल्ले. चौथा लावण्याआधी सरांनी बोर्ड बाजूला घेतला आणि विचारले, "प्रवाह कुठल्या दिशेला जातोय, हे तुमच्या मायक्रोकंट्रोलरला नक्की कळतंय का?" आम्ही गप्प.

प्रकल्प असा होता. एका बाजूला १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, दुसऱ्या बाजूला तशाच दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट. हवे तेव्हा पहिली बॅटरी चार्ज व्हावी आणि हवे तेव्हा तिनेच पलीकडे वीज द्यावी. विजेवरची गाडी ब्रेक लावताना मोटरमधून येणारी वीज बॅटरीत परत घेते, तिथेही हीच गरज असते.

लागणारे भाग मोजकेच. एकावर एक जोडलेले दोन मॉस्फेट, आणि त्यांच्या मधल्या बिंदूपासून १२ व्होल्टच्या बॅटरीपर्यंत एक कॉइल. वरचा मॉस्फेट चालू असताना मधला बिंदू २४ व्होल्टवर, खालचा चालू असताना शून्यावर. ही उघडझाप सेकंदाला २० हजार वेळा होते. वरचा बरोबर निम्मा वेळ चालू असेल तर मधल्या बिंदूचा सरासरी दाब १२ व्होल्ट येतो. आता कॉइलला रस्सी समजा. दोन्ही टोकांना सारखाच जोर, म्हणून रस्सी जागची हलत नाही. वरच्याची वेळ ५२ टक्के केली की मधला बिंदू १२.४८ व्होल्टवर जातो आणि प्रवाह बॅटरीत शिरतो. ४८ टक्के केली की तो ११.५२ वर येतो आणि प्रवाह उलट फिरतो. दिशा बदलायला वेगळा स्विच नाही, वेगळे सर्किट नाही! मला तर आधी हे खरेच वाटेना.

पण ही रस्सी फार निसरडी. तारा, कॉइल आणि मॉस्फेट यांचा मिळून रोध ०.१ ओहम धरला, तर ०.४८ व्होल्टला ४.८ अँपिअर वाहतात. दोन टक्क्यांत एवढा फरक. म्हणून टक्केवारी अंदाजाने ठरवून चालत नाही, प्रवाह सतत मोजावा लागतो. आम्ही एसीएस७१२ हा सेन्सर वापरला. ५ व्होल्टवर चालताना तो शून्य प्रवाहाला २.५ व्होल्ट दाखवतो, आणि २० अँपिअरच्या प्रकारात दर अँपिअरला ०.१ व्होल्ट वर किंवा खाली जातो. वर की खाली, यावरून दिशा कळते. हवा तेवढा प्रवाह आणि मोजलेला प्रवाह यांची वजाबाकी करून मायक्रोकंट्रोलर टक्केवारी किंचित वाढवतो किंवा घटवतो.

पहिले दोन फ्यूज माझ्यामुळे गेले. सेन्सरच्या तारा मी उलट जोडल्या होत्या. बॅटरीत प्रवाह वाढत होता आणि मायक्रोकंट्रोलरला तो घटताना दिसत होता, म्हणून बिचारा आणखी जोर लावत होता. तिसरा फ्यूज प्रोग्रामने घालवला. सुरुवात शून्य टक्क्यांपासून केली, म्हणजे सारे बंद, असे आम्ही धरून चाललो. पण वरचा शून्य म्हणजे खालचा पूर्णवेळ चालू, आणि मग बॅटरी कॉइलमधून सरळ शॉर्ट होते.

सरांनी कॉइलच्या मार्गात मोटारीचा २१ वॅटचा दिवा एकसर जोडायला लावला. जोडणी चुकली तर दिवा लख्ख पेटतो, फ्यूज वाचतो. सेन्सरच्या तारा सरळ केल्यावर तो मंद राहिला. मग प्रोग्राम बदलला: आधी दोन्ही बाजूंचे व्होल्टेज मोजायचे, त्यांच्या गुणोत्तराएवढ्या टक्केवारीपासून सुरुवात करायची. चार्ज होताना बॅटरी १४.४ व्होल्टला पोचली की प्रवाह घटवायचा, वीज देताना १०.५ ला आली की थांबवायचे.

रात्री स्टडी अवर संपता संपता दिवा काढला. ॲमीटरचा काटा मधल्या शून्यावरून उजवीकडे २ वर गेला, बटण दाबताच शून्य ओलांडून डावीकडे २ वर स्थिरावला. चौथा फ्यूज अजून बोर्डावर आहे.