ख्रिस्ती श्रद्धेतील मृत्यू आणि स्वर्गाची आशा : ‘स्वर्ग’ या मराठी शब्दाच्या संदर्भात

प्रस्तावना :

तौलनिक धर्माभ्यास, तत्त्वज्ञान, भाषांतरविद्या अथवा मध्ययुगीन मराठी साहित्य यांपैकी कोणताही विषय शिकविताना ख्रिस्ती धर्मातील मरणोत्तर जीवनाच्या कल्पनेशी अध्यापकाचा संबंध कधी ना कधी येतोच. अशा वेळी ‘ख्रिस्ती लोक स्वर्ग मानतात, पुनर्जन्म मानीत नाहीत’ एवढ्या एका वाक्यात हा विषय आटोपला जातो. हे वाक्य चुकीचे नाही. परंतु त्यातील ‘स्वर्ग’ हा शब्द मराठी वाचकाच्या मनात जे चित्र उभे करतो, ते ख्रिस्ती श्रद्धेतील चित्र नव्हे. भारतीय परंपरेतील स्वर्ग हे पुण्याचे फळ आहे व ते मुदतीचे आहे. पुण्याचा साठा संपला की जीवाला मर्त्यलोकी परतावे लागते, हे भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्टपणे सांगितले आहे. म्हणूनच विचारवंतांच्या दृष्टीने स्वर्ग हे अंतिम ध्येय ठरत नाही. ते स्थान मोक्षाचे आहे. ख्रिस्ती श्रद्धेतील स्वर्ग मात्र कमाईचा नसून कृपेचा मानला जातो आणि त्यातून परतणे नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या श्रद्धेत ‘स्वर्गात जाणे’ हा कथेचा शेवटच नाही. प्रस्तुत लेखात या अखेरच्या मुद्द्याचे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न केला आहे.

अधोलोकापासून पुनरुत्थानापर्यंत :

ख्रिस्ती धर्माची मुळे यहुदी धर्मात आहेत. त्या धर्माच्या जुन्या ग्रंथांत मरणोत्तर सुखाची आशा जवळजवळ नाहीच. मेलेला मनुष्य, मग तो सज्जन असो वा दुर्जन, ‘शिओल’मध्ये उतरतो. मराठी बायबलमध्ये यासाठी ‘अधोलोक’ हा शब्द आला आहे. तेथे शिक्षा नाही, आनंद नाही आणि ईश्वराचे स्तवनही नाही, अशी तक्रार स्तोत्रकर्ते वारंवार करतात. दीर्घायुष्य, संतती आणि स्वतःच्या भूमीत शांततेने आलेले मरण हाच ईश्वराचा आशीर्वाद मानला जात असे. मृत्यूच्या पलीकडे पाहण्याची त्या समाजाला फारशी गरज वाटली नाही, हे आजच्या वाचकाला आश्चर्याचे वाटण्याजोगे आहे.

ही गरज निर्माण झाली ती मृत्यूच्या भीतीतून नव्हे, तर न्यायाच्या प्रश्नातून. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात अंतियोख चौथा या ग्रीक राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. धर्म सोडण्यास नकार देणाऱ्यांचा छळ झाला, कित्येक मारले गेले. जे ईश्वराशी एकनिष्ठ राहिले तेच तरुणपणी, निपुत्रिक मेले आणि ज्यांनी तडजोड केली ते सुखाने जगले. मग ईश्वर न्यायी कसा? या काळातील दानीएलच्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात धुळीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील, असा विश्वास निःसंदिग्धपणे व्यक्त झाला. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथातील माता व तिचे सात पुत्र यांच्या कथेत तर तोडले गेलेले अवयव ईश्वर परत देईल, अशी मुलांची खात्री आहे. ज्या देहावर अन्याय झाला त्याच देहाला न्याय मिळाला पाहिजे, असा या श्रद्धेचा आग्रह आहे. आत्म्याचे अमरत्व हा ग्रीक विचार येथे पुरेसा नव्हता.

येशूच्या काळी यहुदी समाजात या प्रश्नावर एकमत नव्हते. परूशी पुनरुत्थान मानीत, सदूकी मानीत नसत. सात भावांशी क्रमाने विवाह झालेली स्त्री पुनरुत्थानानंतर कोणाची पत्नी होईल, असा खोचक प्रश्न सदूकींनी येशूला विचारला. येशूने परूशींची बाजू घेतली. परंतु ते जीवन म्हणजे याच संसाराची पुढील आवृत्ती नव्हे, असेही बजावले.

पौल आणि ‘शेवटचा शत्रू’ :

ख्रिस्ती आशेचा पाया म्हणजे क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, ही श्रद्धा. सुमारे इ. स. ५० मध्ये थेस्सलनीका येथील मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात एक व्यावहारिक अडचण दिसते. प्रभू लवकरच परत येणार म्हणून वाट पाहणाऱ्यांपैकी काही जण तत्पूर्वीच वारले. त्यांचे काय? शोक करू नका, असे पौल त्यांना सांगत नाही. आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका, एवढेच सांगतो. हा भेद सूक्ष्म असला तरी ख्रिस्ती अंत्यविधीचा सारा सूर त्यातून ठरला आहे. मृतांना तो ‘झोपी गेलेले’ म्हणतो. मराठी बायबलमधील ‘महानिद्रा’ हा सुंदर शब्द याच कल्पनेतून आला. इंग्रजीत दफनभूमीला जो ‘सिमेटरी’ हा शब्द आहे, त्याचे मूळ ग्रीक रूपही निजण्याची जागा असाच अर्थ देते.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने हा विषय विस्ताराने मांडला. पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप यांत जो संबंध, तोच आजचा देह आणि पुनरुत्थित देह यांत. सातत्य आहे, पण साम्य नाही. ख्रिस्त हा या पिकाचे ‘प्रथमफळ’ होय. याच अध्यायात मृत्यूला शेवटचा शत्रू म्हटले आहे. संतसाहित्यावर वाढलेल्या मराठी मनाला हे काहीसे खटकते. देह हे वस्त्र, मृत्यू ही सुटका, ही भाषा आपल्या परिचयाची आहे. ख्रिस्ती विचारात मृत्यू ही मुळात सुटका नव्हे. तो ईश्वराच्या चांगल्या निर्मितीवर झालेला आघात आहे.

स्वित्झर्लंडमध्ये अध्यापन केलेले बायबल-अभ्यासक ऑस्कर कुलमान यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानात हा फरक दोन मृत्यू शेजारी ठेवून दाखविला. सॉक्रेटिस शांतपणे, मित्रांशी चर्चा करीत विषाचा पेला घेतो. कारण आत्मा तुरुंगातून सुटणार असतो. येशू मात्र गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, हा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो. लाजाराच्या कबरीपाशी तो रडतो. कुलमान यांच्या मते प्रारंभीच्या ख्रिस्ती लोकांची आशा आत्म्याच्या अमरत्वावर नव्हे, तर मृतांच्या पुनरुत्थानावर उभी होती. त्यांच्या मांडणीतील विरोध काहीसा टोकाचा आहे, कारण त्या काळच्या यहुदी विचारातही ग्रीक कल्पना मिसळल्या होत्या. तथापि मुख्य मुद्दा टिकून आहे. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या जाणाऱ्या विश्वासांगीकाराचा शेवटही मृतांच्या पुनरुत्थानाच्या व येणाऱ्या युगातील जीवनाच्या अपेक्षेने होतो. आत्मा स्वर्गात जाण्याच्या उल्लेखाने नव्हे.

मधला काळ :

पुनरुत्थान युगान्ती होणार असेल, तर आज मेलेला मनुष्य तोपर्यंत कोठे असतो? शेजारच्या क्रूसावरील अपराध्याला येशूने ‘आज’च सुखलोकाचे आश्वासन दिले, असे लूक सांगतो. पौलही देह सोडून ख्रिस्ताजवळ असण्याची इच्छा व्यक्त करतो. या दोन सूत्रांचा मेळ घालण्यात अनेक शतके गेली. देहाच्या पुनरुत्थानासंबंधी अडचणीचे प्रश्नही निघत. नरभक्षकाने खाल्लेल्या माणसाचे मांस अखेर कोणाच्या देहात उठणार, या शंकेचा परामर्श ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या भागात गंभीरपणे घेतला आहे.

चौदाव्या शतकात तर खुद्द पोपच वादात सापडले. नीतिमानांच्या आत्म्यांना अंतिम न्यायापूर्वी ईश्वराचे पूर्ण दर्शन होत नाही, असे मत बाविसावे जॉन यांनी १३३१ पासूनच्या प्रवचनांत मांडले. त्यावर गदारोळ झाला. त्यांचे उत्तराधिकारी बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ मध्ये अधिकृत निर्णय दिला, की शुद्ध झालेल्या आत्म्यांना मृत्यूनंतर विनाविलंब ईश्वराचे साक्षात दर्शन घडते. कॅथलिक शिकवणुकीत स्वर्ग म्हणजे मुख्यतः हेच दर्शन. ज्यांची शुद्धी अपुरी राहिली त्यांच्यासाठी ‘पर्गेटरी’ म्हणजे शुद्धिस्थानाची कल्पना ल्योंच्या १२७४ च्या व फ्लॉरेन्सच्या १४३९ च्या परिषदांत मान्य झाली. फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कल्पनेची जडणघडण बाराव्या शतकातील समाजजीवनाशी जोडून दाखविली. दंडमाफीच्या पत्रांचा व्यापार याच कल्पनेच्या आधाराने फोफावला आणि १५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने त्याला आव्हान दिले. प्रोटेस्टंट पंथांनी शुद्धिस्थान नाकारले. ऑर्थोडॉक्स चर्चनेही ही व्याख्या स्वीकारली नाही; मृतांसाठी प्रार्थना मात्र तेथे आजही होते.

या सर्व चर्चेचा एक अनपेक्षित परिणाम झाला. सामान्य श्रद्धावंताचे लक्ष मधल्या काळावर, म्हणजे मृत आत्म्याच्या गतीवर, इतके खिळले की मूळचे पुनरुत्थान मागे पडले. आज अनेक ख्रिस्ती कुटुंबांतही ‘स्वर्गवासी झाले’ एवढ्यावरच समाधान मानले जाते.

मराठी शब्दांचा प्रश्न :

मराठीत ही श्रद्धा आणताना शब्दांची निवड सोपी नव्हती. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यांनी ओवी छंद घेतला आणि ख्रिस्ती स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजला. विष्णूच्या धामाचे नाव ख्रिस्ती ग्रंथात यावे, यात धाडस होते व काही शहाणपणही होते. वैष्णव भक्तांच्या श्रद्धेत वैकुंठ हे इंद्राच्या स्वर्गासारखे मुदतीचे नसून नित्य आहे आणि तेथील सुख उपभोगाचे नसून भगवंताच्या सान्निध्याचे आहे. त्या दृष्टीने हा शब्द ‘स्वर्ग’पेक्षा अधिक जवळचा होता. पुढे एकोणिसाव्या शतकातील बायबल-भाषांतरांत ‘स्वर्ग’ हाच शब्द रूढ झाला आणि ख्रिस्तपुराणातील हा प्रयोग मागे राहिला.

‘स्वर्गाचे राज्य’ हा शब्दप्रयोगही असाच दिशाभूल करणारा आहे. तो मत्तयाच्या शुभवर्तमानातील आहे. त्याच ठिकाणी मार्क व लूक ‘देवाचे राज्य’ म्हणतात. ईश्वराचे नाव थेट न घेण्याच्या यहुदी प्रथेमुळे मत्तयाने ‘स्वर्ग’ शब्द घेतला, असे सामान्यतः मानले जाते. अर्थ मृत्यूनंतरचे ठिकाण असा नसून ईश्वराची सत्ता असा आहे. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात तर माणसे वर जात नाहीत. नवे यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते व ईश्वर माणसांत वस्ती करतो. इंग्रज बिशप व अभ्यासक एन. टी. राइट यांनी २००३ नंतरच्या आपल्या ग्रंथांत याच मुद्द्यावर भर दिला आहे. धर्म ही अफू होय, हे मार्क्सचे १८४४ मधील विधान परलोकाकडे पळ काढणाऱ्या आशेला लागू पडते. पृथ्वीच नवी होणार असे मानणाऱ्या आशेला ते तितक्या सहज लागू पडत नाही. अर्थात प्रत्यक्ष इतिहासात चर्चने पहिल्या प्रकारचाच दिलासा अधिक वेळा दिला, हेही नाकारता येणार नाही.

देहाविषयीचा हा आदर दफनाच्या प्रथेत टिकून आहे. कॅथलिक चर्चने दहनाला १९६३ मध्ये परवानगी दिली. पुनरुत्थानाचा नकार म्हणून ते केले जाऊ नये, ही अट ठेवली. २०१६ च्या सूचनापत्रात दफनालाच प्राधान्य देण्यात आले आणि अस्थी वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडण्यास मनाई करण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये अस्थींचा अल्पसा अंश कुटुंबाला जिव्हाळ्याच्या ठिकाणी ठेवता येईल, अशी सवलत मिळाली. दफनभूमीची जागा अपुरी पडत चाललेल्या मुंबईसारख्या शहरात हा प्रश्न ग्रंथांपुरता उरलेला नाही. अस्थिविसर्जनाची रूढी घराघरांत परिचित असलेल्या या प्रदेशात, चर्च अस्थी एकत्र व एका जागी ठेवण्याचा आग्रह का धरते, हे दाणा आणि रोपाच्या त्या दृष्टान्तावाचून समजणे कठीण आहे.