वर्तनबदल : शिक्षा, शाबासकी आणि आपण

माझे वडील कोवळ्या गोऱ्ह्याला जू शिकवतात तेव्हा त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाहीत. (आता बहुतेकांकडे ट्रॅक्टर आले, आमच्याकडे अजून बैलजोडी आहे.) आधी मानेला दोराची सवय, मग रिकाम्या जुवाची, शेजारी मुरलेला म्हातारा बैल असतोच. पुढे मागे लाकडाचा ओंडका बांधून फिरवायचे, नंतर हलके कोळपे, आणि नांगर सगळ्यांत शेवटी. चार पावले नीट पडली की पाठीवर थाप, आणि घरी आल्यावर सरकीच्या पेंडेचा गोळा. मानसशास्त्राच्या तासाला ‘आकारण’ ही संकल्पना शिकवली गेली तेव्हा मला हेच आठवले. हव्या त्या वर्तनाच्या जवळ नेणाऱ्या प्रत्येक लहान पायरीला बक्षीस देत देत अखेर पूर्ण वर्तन घडवणे, अशी तिची व्याख्या आहे. सातवीत शाळा सोडलेल्या माझ्या वडिलांना ही व्याख्या माहीत नाही. पण हातात आहे.

या शास्त्राची सुरुवातही जनावरांपासूनच झाली. 1898 साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन संशोधकाने भुकेली मांजरे पेटीत कोंडून त्यांची सुटकेची धडपड नोंदवली. योगायोगाने योग्य कळ ओढली गेली की दार उघडे आणि बाहेरचे अन्न मिळे. हळूहळू मांजराची वायफळ धडपड कमी होऊन ते लवकर बाहेर येऊ लागे. ज्या कृतीचा परिणाम सुखाचा, ती कृती टिकते, असा त्याचा निष्कर्ष. बी. एफ. स्किनर यांनी 1938 च्या आपल्या ग्रंथात हाच विचार पुढे नेला. कृती पुन्हा घडण्याची शक्यता ज्यामुळे वाढते ते ‘प्रबलन’. हेच स्किनर 1953 साली मुलीच्या शाळेत पालक म्हणून गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांची उदाहरणे केव्हाच सुटलेली, काहींना ती येतच नव्हती, आणि उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हते. त्यातून त्यांनी अध्यापनयंत्र तयार केले : एक लहान प्रश्न, त्याचे उत्तर, लगेच पडताळा, मग पुढचा प्रश्न. यंत्र मागे पडले, पण ‘लहान पायरी आणि ताबडतोब पडताळा’ हे सूत्र आजही शिकवण्याच्या उपयोगी आहे.

आता आपण सर्व विद्यार्थी परीक्षेत हमखास चुकतो ती गोष्ट. ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे! शिक्षेने वर्तन दबते. ऋण प्रबलनात नकोशी गोष्ट दूर होते आणि त्या सुटकेमुळे वर्तन उलट वाढते. हा फरक मला पुस्तकापेक्षा स्वतःवरून कळला. आठवीत असताना धडा मोठ्याने वाचताना मी ‘बाण’ला ‘बान’ म्हणाले. वर्ग हसला. शिकवणाऱ्यांनी हसणाऱ्यांना काही म्हटले नाही. मला मात्र तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावला. आमच्या घरात, गल्लीत, मळ्यात ‘पानी’ आणि ‘कोन’च बोलतात, ‘ण’ आमच्या जिभेवर सहज बसत नाही. त्या दिवसानंतर मी वर्गात हात वर केला नाही. प्रश्न आला की मान खाली घालायची. प्रश्न दुसरीकडे गेला की छातीतली धडधड थांबायची. ती धडधड थांबणे हेच माझ्या मौनाचे बक्षीस होते. रोज पाच-सहा वेळा मिळणारे हे बक्षीस मी पाच वर्षे घेत होते! शिक्षक म्हणत, मुलगी शांत आहे. घरचे म्हणत, गुणाची आहे. प्रथम वर्षाला तर तोंडी परीक्षेच्या धाकाने कॉलेज सोडावे असेही मनात येऊन गेले होते. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. सोडले असते तर कोणाला फारसे नवलही वाटले नसते.

शिक्षेचा दोषही इथेच दिसतो. काय करू नये एवढेच ती सांगते. काय करावे ते शिकवत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. छडी बरीच कमी झाली असावी; हसू मोजणार कोण?

भीती घालवण्याचा एक सुंदर प्रयोग 1924 साली मेरी कव्हर जोन्स यांनी प्रसिद्ध केला. पीटर नावाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरे. तो आवडीचा खाऊ खात असताना ससा पिंजऱ्यात घालून खोलीत दूर ठेवायचा, आणि दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणायचा. अखेर पीटर सशाला कुरवाळू लागला. हा प्रयोग वाचून मी एका वहीत दहा पायऱ्या लिहिल्या. पहिली : हजेरीला ‘उपस्थित’ मोठ्याने म्हणणे. दुसरी : तास संपल्यावर मॅडमना एकटीने शंका विचारणे. चौथी : पुढच्या बाकावर बसणे. सातवी : भर वर्गात एक प्रश्न विचारणे. जमले की तारीख आणि खूण. पाचव्या पायरीवर तीन आठवडे अडले, तेव्हा चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये आणखी दोन पायऱ्या घातल्या. पायरी जमत नसेल तर ती उंच झाली आहे असे समजावे. गोऱ्ह्याला आळशी म्हणून कसे चालेल?

तरी माणूस गोऱ्हा नव्हे. त्याच्या डोक्यात वाक्ये चालू असतात. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा भर या वाक्यांवर आहे. लोक हसले ही घटना. मला भीती वाटली हा परिणाम. पण मधे एक समजूत असते – ‘लोक हसले म्हणजे मी कवडीमोल’. तपासायची ती ही समजूत. एलिस स्वतः तरुणपणी अतिशय लाजाळू होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बाकावर बसलेल्या शंभरावर अनोळखी स्त्रियांशी बोलणे काढले. एकच भेटायला तयार झाली, आणि तीही आली नाही! पण नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्यांना उमगले. (आज असा प्रयोग कोणी आमच्या बसस्थानकावर करू नये, त्या स्त्रियांना काय वाटले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.) मुंबईच्या किशोर फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही पद्धत भारतात रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेमुळे तिची मराठी परिभाषा अनेकांच्या परिचयाची झाली. कन्नडहून ठाणे लांब. पण 2022 पासून सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

एक प्रश्न मात्र उरतो : बदलायचे कोणी, आणि काय? 1956 साली स्किनर आणि कार्ल रॉजर्स यांचा वाद ‘सायन्स’ या नियतकालिकात छापला गेला. वर्तनावर नियंत्रण तर चालूच असते, ते शास्त्रशुद्ध का करू नये, हा स्किनर यांचा रोख. रॉजर्स यांनी विचारले, की नियंत्रण कोणाचे, आणि कोणत्या मूल्यांसाठी? मला दोघेही पटतात, पण रॉजर्स यांचा प्रश्न माझा स्वतःचा आहे. मला बदलायची होती ती भीती. आईची बोली नव्हे. तो ‘ण’ मी सरावाने कमावला, कारण मला तो हवा होता. घरी मात्र ‘पानी’च म्हणते.

शिवाय बदल एकट्याने पेलत नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीशीही बोलले जाते, दोघांचे गट चालतात, घरी गेल्यावर पाठपुरावा होतो. भोवतालचे तसेच राहिले तर सुधारून आलेला माणूस पुन्हा त्याच वाटेला लागू शकतो. वर्गाचेही तसेच. आठवीत मला शब्द सुधारायला लावला, पण हसणाऱ्यांनाही त्या हसण्याचे बक्षीस मिळतच होते : चार जणांची साथ. ते वर्तन कोणाला बदलावेसे वाटले नाही.

या डिसेंबरात वर्गात माझे पहिले चर्चासत्र झाले. ‘प्रयोगात पानी...’ असे निघून गेले. मागून कोणीतरी हसले. मी ‘पाणी’ म्हटले आणि पुढचे वाक्य वाचले. मॅडमनी मागे बघितले, एवढेच. घरी येऊन नवव्या पायरीपुढे खूण केली. दहावी आहे स्नेहसंमेलनात माइकवर दोन मिनिटे बोलण्याची. तिच्यापुढची जागा अजून कोरी आहे. माइक आणि माझ्यामध्ये आणखी एखादी पायरी घालावी लागेल असे दिसते.